स्ट्रॉबेरी टार्टमध्ये फळ किती, साखर-लोणी किती? जाणून घ्या एका गोड पदार्थाचा पोषण हिशोब

सातारा : हिवाळा सुरू झाला की महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाई, मेढा या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू होतो. रस्त्याकडेच्या स्टॉलवर स्ट्रॉबेरी विथ क्रीमचे ग्लास लागतात. बेकऱ्या आणि हॉटेलांच्या काचेच्या कपाटात लालबुंद फळं लावलेले टार्ट दिसतात. अलीकडे गावागावांत घरच्या घरी केक करणाऱ्या महिलाही टार्टच्या ऑर्डर घेऊ लागल्या आहेत.

टार्ट घेताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "फळच आहे की, खाल्लं तर काय बिघडतंय?" केक नको म्हणणारा मधुमेही माणूसही टार्ट मात्र बिनधास्त उचलतो. खरंच टार्ट हा फळाचा पदार्थ आहे का? त्यात स्ट्रॉबेरीचं पोषण किती आणि मैदा, बटर, साखर किती? कुणी किती खावा? घरी करताना तो थोडा बरा कसा करता येईल? याची ही सविस्तर माहिती.

टार्ट म्हणजे नेमकं काय?

टार्ट हा मूळचा युरोपातला पदार्थ. मैदा, बटर आणि साखर मळून पातळ वाटी किंवा थाळीसारखं कवच करतात आणि ते ओव्हनमध्ये भाजतात. त्यात कस्टर्ड किंवा क्रीम भरतात आणि वर फळं मांडतात. पाय या पदार्थात बहुतेक वेळा वरूनही पिठाचं झाकण असतं, टार्ट वरून उघडा असतो. त्यामुळे फळ डोळ्यांना दिसतं आणि पदार्थ फळांचा वाटतो. खरी फसगत इथेच होते.

कवच खुसखुशीत होण्यामागचं तंत्र आपल्याकडच्या बायकांना नवीन नाही. करंजीला किंवा शंकरपाळीला मोहन घालतो तोच प्रकार. मैद्याला पाणी लागलं की त्यात चिकटपणा तयार होतो आणि पदार्थ चिवट होतो. आधी लोणी किंवा तूप पिठाला चोळलं की तो चिकटपणा कमी तयार होतो. फरक एवढाच की करंजीत मोहन चमच्यांनी मोजतात, टार्टमध्ये मैद्याच्या निम्म्या वजनाएवढं बटर घालतात. म्हणजे 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम बटर.

टार्ट दोन प्रकारचे असतात. एकात फळ कच्च्या कवचात भरून सगळं एकत्र भाजतात. दुसऱ्यात कवच आधी रिकामंच भाजून घेतात, गार झाल्यावर कस्टर्ड भरतात आणि सगळ्यात शेवटी ताजं फळ लावतात. आपल्याकडे स्ट्रॉबेरीचे टार्ट बहुधा दुसऱ्या पद्धतीचे मिळतात. पोषणाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. त्याचं कारण पुढे येईल.

आधी नुसत्या स्ट्रॉबेरीचं पोषण

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ब्रिटिशांच्या काळात आलेलं हे पीक आज गादीवाफा, मल्चिंग पेपर आणि ठिबकवर घेतलं जातं. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाबिला या जाती इथल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या आहेत.

100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत, म्हणजे मध्यम आकाराच्या साधारण सात-आठ फळांत, पुढील घटक असतात.

- ऊर्जा : सुमारे 32 कॅलरी
- पाणी : सुमारे 91 ग्रॅम
- एकूण कर्बोदकं : 7.7 ग्रॅम, त्यात नैसर्गिक साखर सुमारे 5 ग्रॅम
- तंतुमय पदार्थ : 2 ग्रॅम
- प्रथिनं : 0.7 ग्रॅम
- चरबी : 0.3 ग्रॅम
- क जीवनसत्त्व : सुमारे 59 मिलिग्रॅम
- पोटॅशियम : सुमारे 153 मिलिग्रॅम
- फोलेट : सुमारे 24 मायक्रोग्रॅम

थोडक्यात, फळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. साखर कमी, कॅलरी कमी. खरी जमेची बाजू म्हणजे क जीवनसत्त्व. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाची शिफारस केली आहे. म्हणजे मूठभर ताज्या स्ट्रॉबेरीतून बाईमाणसाची दिवसाची गरज जवळपास भागते. फळाला लाल रंग देणारी अँथोसायनिन नावाची द्रव्यंही त्यात असतात.

इतर बेरी फळांचा विचार केला तर 100 ग्रॅम रासबेरीत सुमारे 52 कॅलरी आणि 6.5 ग्रॅम तंतू असतात. ब्लूबेरीत 57 कॅलरी, पण क जीवनसत्त्व जेमतेम 10 मिलिग्रॅम. तुतीत 43 कॅलरी आणि क जीवनसत्त्व सुमारे 36 मिलिग्रॅम. तेव्हा क जीवनसत्त्वासाठी महागडी आयात ब्लूबेरी शोधायची गरज नाही. या बाबतीत आपल्या भागातली स्ट्रॉबेरी तिच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. आणि आवळा व पेरू तर स्ट्रॉबेरीच्याही पुढे आहेत, तेही स्वस्तात.

आता पूर्ण टार्टचा हिशोब

टार्टचं पोषण पाहायचं तर सगळं साहित्य मांडून बघावं लागतं. तळहातावर मावतील असे 12 छोटे टार्ट करायला साधारण पुढील साहित्य लागतं.

कवच : मैदा 200 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, पिठीसाखर 50 ग्रॅम, एका अंड्याचा पिवळा बलक. या सगळ्याच्या मिळून होतात सुमारे 1,690 कॅलरी.

कस्टर्ड : गायीचं दूध अर्धा लिटर, साखर 100 ग्रॅम, तीन अंड्यांचे पिवळे बलक, कॉर्नफ्लोअर 35 ग्रॅम, बटर 20 ग्रॅम. याच्या सुमारे 1,140 कॅलरी.

वरची चमक : फळावर लावायला पातळ केलेला जॅम 60 ग्रॅम. सुमारे 165 कॅलरी.

फळ : ताजी स्ट्रॉबेरी 400 ग्रॅम. फक्त 128 कॅलरी.

एकूण बेरीज सुमारे 3,125 कॅलरी. बाराने भागलं की एका छोट्या टार्टला आल्या 260 कॅलरी. त्यातल्या स्ट्रॉबेरीच्या किती? जेमतेम 11. म्हणजे शंभरातल्या चार कॅलरी फळाच्या आणि बाकी शहाण्णव मैदा, बटर, साखर, दूध आणि अंड्याच्या. डोळ्यांना टार्ट सगळा लाल दिसतो, पण हिशोबात फळ हे नुसतं वरचं तोरण आहे.

एका छोट्या टार्टमधून मिळणारं पोषण असं :

- ऊर्जा : सुमारे 260 कॅलरी
- कर्बोदकं : सुमारे 36 ग्रॅम
- वरून घातलेली साखर, जॅममधली धरून : सुमारे 16 ग्रॅम, म्हणजे चार चहाचे चमचे
- चरबी : सुमारे 11 ग्रॅम, त्यात संपृक्त चरबी 6 ग्रॅमच्या वर
- प्रथिनं : सुमारे 4 ग्रॅम
- तंतुमय पदार्थ : सुमारे 1 ग्रॅम
- क जीवनसत्त्व : सुमारे 20 मिलिग्रॅम

हेच साहित्य एका मोठ्या साच्यात घालून त्याचे आठ तुकडे केले तर एका तुकड्याला 390 कॅलरी होतात. हॉटेलात मिळणारा तुकडा बहुधा असाच मोठा असतो. साहित्याचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे आकडा थोडाफार मागेपुढे होणार. पण फळ कमी आणि बाकी जास्त हे चित्र फारसं बदलत नाही.

भाकरीशी तुलना केली तर?

नुसत्या कॅलरीच्या आकड्याने घरच्या माणसाला काही समजत नाही. म्हणून एक ओळखीची तुलना. 75 ग्रॅम पिठाची मध्यम ज्वारीची भाकरी घेतली तर तिच्यात सुमारे 250 कॅलरी असतात. म्हणजे छोटा टार्ट आणि एक भाकरी, ऊर्जा जवळपास सारखीच.

पण भाकरीत तंतुमय पदार्थ साडेसात ग्रॅमच्या आसपास, टार्टमध्ये एक ग्रॅम. भाकरीत प्रथिनं साडेसात ग्रॅम, टार्टमध्ये चार. भाकरीत वरून घातलेली साखर शून्य, टार्टमध्ये चार चमचे. भाकरी खाल्ली की चार तास पोटाला आधार राहतो. टार्ट खाल्ला की तासाभरात पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. शिवाय भाकरी जेवण म्हणून खाल्ली जाते आणि टार्ट जेवणानंतर वरून. म्हणजे त्या 260 कॅलरी दिवसाच्या हिशोबात जादाच्या ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली आणि मध, रस, सिरप यांतली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, 5 टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. 2,000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला याचा अर्थ 50 ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास 25 ग्रॅमच्या आत. आपल्याकडे दिवसाला तीन-चार कप गोड चहा होतोच. चहातच 25 ग्रॅम संपतात. त्यावर एक टार्ट म्हणजे आणखी 16. संपृक्त चरबीचंही तसंच. 2,000 कॅलरीच्या आहारात ती 22 ग्रॅमच्या आत असावी असं सांगितलं जातं. एक छोटा टार्ट त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा घेतो.

स्ट्रॉबेरी विथ क्रीम बरं की टार्ट?

महाबळेश्वरला आलेला पर्यटक हा प्रश्न हमखास विचारतो. एका ग्लासात 100 ग्रॅम स्ट्रॉबेरी, 60 ग्रॅम घट्ट दुधाचं क्रीम आणि तीन-चार चमचे साखर धरली तर साधारण 290 कॅलरी होतात. म्हणजे कॅलरीत ते टार्टपेक्षा कमी नाही, उलट थोडं जास्तच. वर आईस्क्रीमचा गोळा टाकला तर आकडा आणखी चढतो.

पण ग्लासात फळ तिप्पट असतं आणि ते कच्चं, ताजं असतं. त्यामुळे क जीवनसत्त्व 59 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, टार्टमध्ये 20. मैदाही नसतो. साखर न घालता आणि क्रीम निम्मं करून घेतलं तर हाच ग्लास 130 ते 140 कॅलरीत बसतो. स्टॉलवाल्याला सांगितलं तर तो तसा करून देतो, विचारायला हरकत नाही.

उष्णतेने काय होतं?

क जीवनसत्त्व नाजूक असतं. उष्णता, हवा आणि वेळ हे त्याचे तीन शत्रू. फळ कवचात भरून ओव्हनमध्ये भाजलं तर त्यातलं बरंचसं क जीवनसत्त्व जातं. जॅमसाठी फळ साखरेत आटवतात तेव्हाही तेच होतं. तंतू आणि पोटॅशियम मात्र उष्णतेने नष्ट होत नाहीत. म्हणून टार्ट घ्यायचाच तर वर ताजं फळ लावलेला घ्यावा.

चिरून ठेवलेल्या फळातूनही क जीवनसत्त्व कमी होत जातं. सकाळी फळ चिरून लावलेला टार्ट संध्याकाळपर्यंत तितकासा ताजा राहत नाही. फळाला पाणी सुटतं आणि कवचही मऊ पडतं. टार्ट शिळा झाल्याची ही साधी खूण आहे.

पावसाळ्यात, म्हणजे हंगाम नसताना, बऱ्याच ठिकाणी ताज्या फळाऐवजी क्रश किंवा डब्यातलं गोड फिलिंग वापरतात. क्रशमध्ये निम्म्याहून जास्त भाग साखरेचा असतो. त्या टार्टला स्ट्रॉबेरीचा रंग आणि चव असते, पोषण जवळपास नसतं. त्यामानाने साखर न घालता गोठवलेली स्ट्रॉबेरी बरी. गोठवल्याने क जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकतं, फळ फक्त मऊ पडतं.

बटर, वनस्पती तूप आणि नॉन-डेअरी क्रीम

बटर महाग पडतं म्हणून काही ठिकाणी वनस्पती तूप किंवा मार्जरीन वापरतात. बटरमध्ये सुमारे 80 टक्के चरबी असते, बाकी मुख्यतः पाणी. वनस्पती तुपात जवळपास सगळी चरबीच. वजनाला वजन बदललं तर कॅलरी वाढतात. पूर्वी वनस्पती तुपात ट्रान्स फॅटचं प्रमाण फार असायचं. हृदयासाठी ती सगळ्यात वाईट चरबी. आता तेल आणि तुपातल्या ट्रान्स फॅटवर देशात जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा लागू आहे. तरीही एकच तूप-तेल पुन्हा पुन्हा तापवणं टाळलेलंच बरं.

दुसरी गोष्ट क्रीमची. केक-टार्टवर फुलवून लावलेलं पांढरं क्रीम बऱ्याचदा दुधाचं नसतं. ते वनस्पतिजन्य चरबी आणि साखरेपासून बनवलेलं असतं. त्यात दुधाचं कॅल्शियम, प्रथिनं शोधू नयेत. पाकिटावर "व्हेजिटेबल फॅट" किंवा "नॉन-डेअरी" असं छापलेलं असतं. सुट्या टार्टला पाकीट नसतं, तेव्हा दुकानदाराला सरळ विचारावं.

अंडं न खाणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. कवच आणि कस्टर्ड दोन्हीत अंडं असू शकतं, वरून दिसत नाही. पाकीटबंद पदार्थ असेल तर हिरवी की तपकिरी खूण आहे ते बघावं.

कुणी किती खावा?

मधुमेह असणारे : नुसती स्ट्रॉबेरी मधुमेहींना प्रमाणात चालते, कारण तिच्यात साखर कमी आणि रक्तातली साखर ती हळू वाढवते. टार्टचं तसं नाही. मैदा, कॉर्नफ्लोअर आणि साखर मिळून एका टार्टमध्ये 36 ग्रॅम कर्बोदकं जातात. "वर फळ आहे" म्हणून ती कमी होत नाहीत. खायचाच झाला तर अर्धा आणि त्या जेवणातली भाकरी-भात तेवढ्या प्रमाणात कमी करून. गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणारे : बटर आणि क्रीममधली संपृक्त चरबी लक्षात घ्यावी. खारट पिवळं बटर वापरलं असेल तर मीठही जातं.

लहान मुलं : सणावाराला, वाढदिवसाला एखादा टार्ट दिला तर बिघडत नाही. रोजच्या डब्यात देऊ नये. अगदी लहान मुलांना अख्खी स्ट्रॉबेरी न देता बारीक चिरून द्यावी, घशात अडकण्याची भीती असते. काही मुलांना स्ट्रॉबेरीची, दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असते. तोंडाभोवती पुरळ, खाज किंवा सूज दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

कष्टाची कामं करणारे : दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला 260 कॅलरी जड नाहीत. पण त्याच्या शरीराला प्रथिनं आणि लोह हवं असतं, ते टार्टमधून फारसं मिळत नाही.

घरी करताना बरा टार्ट कसा करावा?

टार्ट पूर्णपणे "पौष्टिक" होत नाही, तो गोड पदार्थच राहणार. पण प्रमाण बदललं तर फरक चांगला पडतो. 12 टार्टसाठी हे बदल करून बघावेत.

1. मैदा 100 ग्रॅम आणि नाचणीचं पीठ 100 ग्रॅम घ्यावं. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात नाचणी पिकतेच. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 11 ग्रॅम तंतू असतात. नाचणी आधी मंद आचेवर भाजून घेतली तर कच्चट वास जातो. नुसत्या नाचणीचं कवच मात्र तुटतं, म्हणून निम्मा मैदा ठेवावा.

2. बटर 100 ऐवजी 80 ग्रॅम, कवचातली साखर 50 ऐवजी 30 ग्रॅम. पीठ कोरडं वाटलं तर दुधाचा हात लावावा.

3. कस्टर्डचा थर पातळ करावा. दूध 300 मिलिलिटर, साखर 40 ग्रॅम, दोन बलक, कॉर्नफ्लोअर 20 ग्रॅम पुरतं. त्यात वरून बटर घालायची गरज नाही.

4. फळ जवळपास दुप्पट करावं. एका टार्टला 60 ग्रॅम, म्हणजे चार-पाच मध्यम स्ट्रॉबेरी. पूर्ण पिकलेलं फळ घेतलं तर साखर कमी केलेली जाणवत नाही.

5. वरून जॅमची चमक लावू नये. फळ ताजं असेल तर त्याची स्वतःची चमक पुरेशी असते.

असा टार्ट सुमारे 180 कॅलरीचा होतो. वरून घातलेली साखर 16 ग्रॅमवरून 6 ग्रॅमवर येते. तंतू एक ग्रॅमवरून सव्वादोन ग्रॅमच्या वर जातात. क जीवनसत्त्व 20 वरून 35 मिलिग्रॅम होतं. खर्चाचंही गणित जमतं. आपल्या भागात हंगामात फळ हाताशी असतं, पैसे जातात ते बटरला.

एक सूचना. नाचणी घातली म्हणजे कॅलरी निम्म्या झाल्या, असं समजू नये. नाचणी आणि मैदा यांच्या कॅलरीत फार फरक नाही. इथे कॅलरी उतरल्या त्या बटर, साखर आणि कस्टर्ड कमी केल्यामुळे. "नाचणी टार्ट" असं नाव लावून साखर-बटर तेवढंच ठेवलं असेल तर गिऱ्हाईक फसतं.

कस्टर्डऐवजी श्रीखंडासाठी बांधतो तसा चक्का वापरला तरी चालतं. अंडं न खाणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. मात्र चक्का आंबट असेल तर साखर वाढवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा ताज्या, गोड दह्याचा चक्का घ्यावा आणि कवच मळताना बलकाऐवजी थोडं दूध वापरावं.

उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी संपत आली की डोंगरातली पिकलेली करवंदं, तुती किंवा जांभळं लावूनही टार्ट करता येतो. करवंद तर वनस्पतिशास्त्राच्या भाषेत खरीखुरी बेरी. उलट स्ट्रॉबेरीला शास्त्रज्ञ बेरी मानत नाहीत. तिचा लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ असतो, आणि वर दिसणारे बारीक दाणे हीच तिची खरी फळं.

फळ धुणं आणि ठेवणं

स्ट्रॉबेरीची साल सोलता येत नाही, त्यामुळे धुणं महत्त्वाचं. देठ न काढता वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवावं आणि मग देठ काढावा. आधी देठ काढला तर पाणी आत शिरतं. धुवून ठेवलेलं फळ लवकर बुरशी धरतं, म्हणून लागेल तेवढंच धुवावं. पनेटमध्ये एखादं फळ खराब दिसलं तर लगेच बाजूला काढावं, नाहीतर शेजारची फळंही नासतात.

शेतकऱ्यांच्या बाजूनेही एक जबाबदारी आहे. बुरशीनाशक किंवा कीटकनाशक फवारल्यावर त्याच्या लेबलवर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ दिलेला असतो. तेवढे दिवस तोडा थांबवायला हवा. स्ट्रॉबेरीत एकाड एक दिवस तोडा चालतो, त्यामुळे हा नियम पाळणं जिकिरीचं होतं हे खरं. पण फळ सालीसकट पोटात जातं, आणि ते बाहेरच्या गिऱ्हाइकाइतकंच आपल्या घरची पोरंही खातात.

कस्टर्ड किंवा क्रीम भरलेला टार्ट उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. दूध-अंड्याच्या पदार्थात जंतू झपाट्याने वाढतात. थंडीत बाहेर गारवा असला तरी स्टॉलवर दुपारचं ऊन लागतंच. ऑर्डर घेणाऱ्या महिलांनी कवच, कस्टर्ड आणि फळ वेगवेगळं ठेवून देताना टार्ट भरावा. कवच कुरकुरीत राहतं आणि धोकाही टळतो. विक्री करायची तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्यावी.

फळ पिकवणाऱ्या घरात फळ जातं का?

स्ट्रॉबेरीचा चांगला माल भल्या पहाटे तोडून, निवडून, पनेट भरून मुंबई-पुण्याला जातो. बारका आणि दबलेला माल प्रक्रियेला जातो किंवा मातीमोल भावाने सुटतो. दिवसभर वाकून तोडणी करणाऱ्या बायकांच्या ताटात मात्र फळ फारसं दिसत नाही. "आपल्याला काय, रोज बघतोच की" असं म्हणून ते राहून जातं.

इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. जेवणासोबत क जीवनसत्त्वाचं फळ असेल तर ते लोह जास्त प्रमाणात अंगी लागतं. गावाकडे बायकांमध्ये आणि वयात येणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याची तक्रार घरोघरी आहे. बाजरीची भाकरी, मेथीची किंवा चवळीची भाजी आणि सोबत पाच-सहा ताज्या स्ट्रॉबेरी, मग त्या बारक्या का असेनात, हे जेवण दहा टार्टपेक्षा भारी आहे. जेवणाला लागून चहा घेतला तर लोह कमी मिळतं, म्हणून चहा तास-दीड तासाने घ्यावा. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या फळावर विसंबू नये, तपासणी करून औषध घ्यावं.

थोडक्यात लक्षात ठेवा

- एका छोट्या स्ट्रॉबेरी टार्टमध्ये सुमारे 260 कॅलरी. त्यातल्या फळाच्या फक्त 11.
- वरून घातलेली साखर सुमारे चार चमचे.
- ताजं फळ वर लावलेला टार्ट हा भाजलेल्या किंवा क्रशच्या टार्टपेक्षा बरा.
- मधुमेहींना प्रमाणात स्ट्रॉबेरी चालते, याचा अर्थ टार्ट चालतो असा नाही.
- घरी करताना निम्मी नाचणी, कमी बटर-साखर आणि जवळपास दुप्पट फळ. कॅलरी 180 पर्यंत उतरतात.
- कस्टर्डचा टार्ट दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर नको.
- हंगामात रोज जेवणासोबत मूठभर ताजी स्ट्रॉबेरी. टार्ट कधीतरी, सणासुदीला.